घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?

कृष्णाकाठ

'समुपदेशनाचा खरंच उपयोग होतो का' असा धागा इथे दर चार महिन्यांनी येतो आणि पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत 'योगा करा' विरुद्ध 'गोळ्या घ्या' अशी कुस्ती लागते. माझा मुद्दा त्याहून बारीक आहे. मी दोघींकडे गेले. पहिलीकडे चार सेशनांत उलट जास्तच एकटं वाटायला लागलं. दुसरीकडे चौदा महिने जातेय. फरक कशात होता ते लिहून बघते.

थोडक्यात पार्श्वभूमी. वय ४४, सांगली, बँकेत नोकरी. वडील गेले तेव्हा दहावं, तेरावं, पाहुणे, अंथरुणं-पांघरुणं, यात रडायला सवडच झाली नाही. चार महिन्यांनी काउंटरवर बसलेली असताना छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते रेशनच्या रांगेत उभी राहून घेतलं होतं.

पहिली काउन्सेलर ऑनलाइन, मोठ्या शहरातली. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. हुशार, वेळेची पक्की. तिने एक तक्ता दिला: प्रसंग, विचार, भावना, पर्यायी विचार. इंग्रजीत. इंग्रजीचं मला वावडं नाही, बँकेत दिवसभर तेच चालतं. पण 'आय फेल्ट'च्या पुढे काय लिहायचं ते सुचेना. 'सॅड' लिहिलं. सॅड नव्हतं ते. तिन्हीसांजेला घर खायला उठतं ना, तसं काहीतरी होतं. तिसऱ्या सेशनला सासूबाईंचा विषय निघाला (वय ७९, गुडघे गेलेत, आमच्याकडेच असतात). ती म्हणाली, तुम्हाला बाउंड्री आखायला हव्यात, नाही म्हणायला शिका. मी विचारलं, कशाला नाही म्हणू? रात्री दोन वाजता त्यांना बाथरूमला न्यायला? ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुम्ही स्वतःला प्रायॉरिटीच देत नाही." लॅपटॉप मिटल्यावर वाटलं, घ्या, आता हेही मला जमत नाही.

दुसऱ्या बाई इथल्याच, पन्नाशीच्या पुढच्या. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचं रॅक, आत करकरणारा पंखा. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

मी सांगत गेले. सासरी वहिनी. पुतण्यांची मोठी आई. सासूबाई नुसतं "अगं" म्हणतात. नवरा "ऐकलंस का". बँकेत मॅडम. माहेरी बेबी.

"बेबी म्हणणारं आता कोण राहिलंय?"

कुणी नाही. आई सहा वर्षांपूर्वीच गेली होती, आणि आता दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो). त्या दिवशी पुढचं काही बोलणं झालंच नाही. मी रडत होते आणि त्या बसून होत्या. टिश्यूचा डबासुद्धा पुढे केला नाही, मीच ओढून घेतला.

तुमच्यापैकी कुणाला असा फरक जाणवलाय का? की मला फक्त मराठी बोलणारं माणूस हवं होतं?

सातबारा

राग मानू नका ताई, पण फी देऊन रडायचं? आमच्या आजीची नऊ बाळंतपणं, त्यातली तीन पोरं गेली, वर दुष्काळ. तिला कुठं थेरपी लागली? आता शेजारपाजार राहिला नाही म्हणून हे धंदे निघालेत.

ओवीवाली

सातबारा, तुमच्या आजीकडे जातं होतं. पहाटे दळायला बसायचं, समोर जाऊ नाहीतर नणंद, आणि सासूचं गाऱ्हाणं सासूच्या कानावर पडेल अशा आवाजात गायचं. गाणं म्हटल्यावर तिला बोलायची सोय नाही! पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, मेलेलं लेकरू, सगळं आहे त्यात. आजीला कुणी ऐकणारं लागलं नाही असं नाही, तिला ते घरातच मिळत होतं. (सगळ्यांनाच मिळत होतं असं मी म्हणत नाही. विहिरींनाही पुष्कळ माहीत आहे.)

पडवी

मी याच क्षेत्रात आहे, बावीस वर्षं, म्हणून थोडं लांबण लावते.

कृष्णाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नुसतं मराठी नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच एक धाडसी विधान करून ठेवलं होतं, की माणूस बदलायला थेरपिस्टचं समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खोटं न वागणं एवढं असलं तर पुरतं. 'एवढं पुरतं' यावर पुढे खूप भांडणं झाली, अजून चालू आहेत. १९७९ मध्ये बॉर्डिन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ते जरा व्यवहारी केलं. त्याच्या मते थेरपीतल्या नात्याचे तीन पदर: कुठे जायचं यावर दोघांचं एकमत, कसं जायचं यावर एकमत, आणि सोबत. तुमच्या पहिल्या काउन्सेलरने तक्ता दिला तिथे काही चुकलं नाही, तो तक्ता मीही वापरते. पण कुठे जायचं ते तिने परस्पर ठरवून टाकलं. तिला तुम्हाला सासूबाईंपासून मोकळं करायचं होतं आणि तुम्ही वडिलांसाठी रडायला आला होतात.

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी: २०१८ मध्ये या नात्यावरचे २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तीस हजारांहून जास्त लोकांचे. नातं जितकं घट्ट तितका गुण जास्त, असा संबंध दिसला, साधारण ०.२८ (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पुरता). म्हणजे नातं हेच सगळं नाही. पण थेरपी कुठलीही असो, हा धागा सगळीकडे सापडतो.

आता भाषेचं. 'नैराश्य' हा शब्द बावीस वर्षांत एकाही पेशंटने आपणहून वापरलेला मला आठवत नाही. तो वर्तमानपत्रातला शब्द आहे. लोक म्हणतात: मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोकं भणभणतं, पोटात गोळा येतो, कशात राम नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा, 'फार विचार करते हो मी'. झिम्बाब्वेत शोना भाषेत याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ शब्दशः तोच, फार विचार करणं. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेत चौदा आज्यांना हाताशी धरलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला आणि तिथे बसून लोकांचं ऐकायचं काम सुरू केलं. त्या आज्या 'डिप्रेशन' म्हणत नाहीत, कुफुंगिसिसाच म्हणतात. आणि लांब कशाला, गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिलं. समुपदेशक म्हणजे शिकवून तयार केलेली गावातलीच माणसं, सहा ते आठ भेटी, पेशंटशी बोलताना आजाराचं नाव न घेता 'टेन्शन' हाच शब्द. ४९५ लोकांवरची ती चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के लोक बरे होते, ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९ टक्के.

तेव्हा 'टेन्शन' या शब्दाला हसू नका. डॉक्टरांनी तो दार लावायला वापरला, त्यानेच दार उघडताही येतं.

दीडशहाणा

पडवीताईंचा प्रतिसाद चहा ठेवून वाचला, चहा उतू गेला. पुढचा भाग टाका.

निळी_शाई

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. इथे 'संस्कृती' म्हटलं की सासू, माहेर, ओव्या, तिन्हीसांज. आमच्या वाट्याची संस्कृती थोडी वेगळी आहे.

मी पुण्यात आयटीत आहे. प्रमोशन झालं तेव्हा टीममधला एकजण सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "काय बाबा, तुमचं तर सगळं राखीवच." मला नंतर तीन आठवडे झोप नव्हती. थेरपिस्टला सांगितलं. अस्खलित मराठी, तुमच्याआमच्यासारखंच. ते म्हणाले, "समोरच्याच्या मनात काय होतं हे आपण गृहीत धरतोय का? याला माइंड रीडिंग म्हणतात." मग मला पुरावे लिहायला लावले, बाजूचे आणि विरुद्ध. मी चौथी-पाचवीपासूनचे लिहू शकलो असतो. माठ, पंगत, आडनाव विचारून झाल्यावर बदललेला आवाज. लिहिले नाहीत. पुढच्या वेळी गेलोच नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात स्वतःहून सांगितलं, "मी सवर्ण घरात वाढले. तुम्ही सांगाल त्यातलं काही माझ्या लक्षात येणार नाही, काही मला ऐकायला जड जाईल. तसं झालेलं दिसलं तर मला थांबवा." मी आजवर दोनदा थांबवलंय. दोन्ही वेळा त्या गप्प बसल्या, आणि पुढच्या सेशनला त्यावर विचार करून आल्या होत्या.

तेव्हा मराठी बोलणारं माणूस पुरतं का, याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे.

पडवी

निळी_शाई, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना वाचून दाखवला तर चालेल का? (टोपणनावही सांगणार नाही.)

आमच्या शिक्षणात 'कल्चरल कॉम्पिटन्स' असा शब्द होता. म्हणजे निरनिराळ्या समाजांची माहिती करून घ्यायची आणि निष्णात व्हायचं. टेरव्हालॉन आणि मरे-गार्सिया या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये त्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, निष्णात होण्याची भाषा सोडा, नम्रतेची धरा. पेशंटच्या जगाचा जाणकार पेशंट असतो, आणि खोलीत जास्त सत्ता कुणाच्या हातात आहे हे डॉक्टरने विसरायचं नाही. तुमच्या दुसऱ्या बाईंनी नेमकं तेच केलं. पहिल्या गृहस्थांनी अन्यायाला विचारातली चूक ठरवलं. हे आमच्याकडे पुष्कळ होतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडूनही झालंय.

निळी_शाई

वाचून दाखवा. टोपणनाव सांगितलंत तरी चालेल.

उंबरठ्यापल्याड

मला या 'संस्कृती समजून घेणाऱ्या' थेरपिस्टांची भीतीच वाटते. माझी काउन्सेलर वयस्कर, अतिशय प्रेमळ, घरगुती. तिने नवऱ्याला बोलावलं. आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, संसारात भांड्याला भांडं लागतंच. घरी आल्यावर मी तिथे जे बोलले त्याचा हिशेब झाला. कसा ते लिहीत नाही. मला त्या वेळी कुणीतरी कोरडं, परकं, पुस्तकी माणूस हवं होतं, जे म्हणालं असतं की हे मारणं आहे आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. असं माणूस मला नंतर भेटलं, वकील होतं. म्हणून कुणी 'आपल्या संस्कृतीत' असं वाक्य सुरू केलं की माझे कान उभे राहतात.

पडवी

उंबरठ्यापल्याड, तुमच्यावर जे आलं ते संवेदनशीलतेने आलेलं नाही, निष्काळजीपणाने आलंय. मारहाणीची नुसती शंका असली तरी जोडप्याला एकत्र बसवायचं नाही, आधी बाईशी एकटीशी बोलायचं, तिच्या सुरक्षिततेचं बघायचं, हा आमच्याकडचा प्राथमिक नियम आहे. कुणाला गरज असेल तर महिलांसाठीची हेल्पलाइन १८१.

पण कुटुंबाला आत घेणं म्हणजेच तडजोड करायला लावणं, असं मात्र नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या घरच्यांना आवारातच तंबू ठोकून राहायला लावलं होतं. नातेवाईक शेजारी राहिले, आजार म्हणजे काय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि पेशंट घरी परत जायला लागले. त्या काळी मनोरुग्णालयात घातलेलं माणूस सहसा परत येत नसे. कुटुंबाला कधी आत घ्यायचं आणि कधी दाराबाहेर ठेवायचं हे कळणं हेच आमच्या कामातलं अवघड.

कृष्णाकाठ

उंबरठ्यापल्याड, तुमचा प्रतिसाद वाचून माझाच एक प्रसंग नव्याने कळला. नवऱ्याला बोलवायचं ठरलं तेव्हा बाईंनी मला आधीच्या सेशनला एकटीला विचारलं होतं: घरी कुणी हात उचलतं का, पैसे कुणाच्या हातात असतात, ते आले तर तुम्ही कुठली गोष्ट बोलणार नाही? तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे तसलं काही नाही. आता कळलं कशासाठी ते.

नवरा आला तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. बाईंनी ठेवायला जागा दाखवली तरी सोडेना. त्याला वाटलं, आता आपली तक्रार वाचून दाखवणार. बाईंनी त्याला विचारलं, "सासरे गेले तेव्हा तुम्ही काय काय केलंत?" त्याने सांगितलं: लाकडं, मृत्यूचा दाखला, नदीवर जाणं, पेन्शनचे कागद. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं. शेवटी त्याने आपणहून विचारलं की आईला रात्री मी उठवत जाऊ का. बारा वर्षांत मी हे मागितलं नव्हतं आणि त्याला सुचलं नव्हतं. 'बाउंड्री' म्हणायचं तर हीच झाली असेल. आता सोमवार ते गुरुवार तो उठतो. शुक्रवारी कुरकुर करतो.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत नऊ वर्षं. माझी थेरपिस्ट जर्मन, मराठीचा म सुद्धा नाही. मी आईला रोज फोन करते हे ऐकल्यावर तिच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, झालं, आता ही मला कुक्कुलं बाळ म्हणणार. तिने विचारलं, "फोनवर काय बोलता?" मी म्हटलं, काही नाही, भाजी काय केली. "आणि एखाद्या दिवशी फोन झाला नाही तर?" मी म्हटलं, तर तिला वाटेल माझं काहीतरी बिनसलंय. ती म्हणाली, म्हणजे भाजी हा सांकेतिक शब्द आहे. मी उडालेच. त्यामुळे कृष्णाकाठ, भाषा एक नसतानाही जमतं, पण तिथे समजावण्यात माझी बरीच सेशनं गेली. 'ओशाळणं' तिला समजावताना अख्खा तास गेला. (पैसे विम्याने भरले, नाहीतर एका शब्दाला तो दर फार होता.)

सातबारा

पडवी मॅडम, एक विचारतो. हे लोक सल्ला का देत नाहीत? माझा मेव्हणा जाऊन आला, म्हणतो नुसतं 'तुम्हाला काय वाटतं' विचारतात. मला काय वाटतं ते मला माहीत असतं तर मी कशाला गेलो असतो?

पडवी

रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे माणूस वडीलधाऱ्याकडे गेल्यासारखा येतो. जसवंतसिंग नेकी म्हणून थोर मानसोपचारतज्ज्ञ होते, पंजाबीतले कवीसुद्धा. त्यांनी १९७३ मध्येच गुरु-चेला या नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहायला हवं असं मांडलं होतं. पाश्चात्त्य थेरपिस्टचं अलिप्त राहणं इथल्या पेशंटला उदासीनता वाटू शकते. मी सुरुवातीला सल्ला देते, छोटा, घरी नेता येईल असा. झोपेचा, फिरण्याचा. हात रिकामे गेले तर माणूस परत येत नाही. पण गुरु झालं की पेशंट आपल्याला आवडेल तेच सांगायला लागतो. तोही धोका आहे.

मेव्हण्यांनी कुणाकडे जायचं म्हणत असाल तर शिक्षण बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. पैशाची अडचण असेल तर टेली-मानस, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ

हे 'आवडेल तेच सांगणं' माझं झालंय. मी बाईंना सुरुवातीपासून ताई म्हणायला लागले. एकदा त्यांनी ऐनवेळी सेशन रद्द केलं. मी अर्धी रजा टाकून आले होते. पुढच्या वेळी गेले, सगळं गोड गोड बोलले. वीसेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "आज तुम्ही तीनदा 'नाही हो, काही नाही' म्हणालात. मागच्या वेळचा राग आलाय का?" मी म्हटलं, छे, ताईंवर कुणी रागावतं का! त्या म्हणाल्या, "हीच तर पंचाईत आहे. ताई म्हणा, पण या ताईवर रागावता आलं पाहिजे."

मी रागावले. अर्धी रजा, रिक्षाचे पैसे, सगळं काढलं. आवाज चढला माझा. त्यांनी कारण सांगितलं नाही, सबब दिली नाही. चुकलं म्हणाल्या. घरात आजवर कुणी माझ्यावर चिडलं की मी चूक कबूल करते, आणि मी चिडले की मला पाणी आणून देतात.

आणखी एक, गाव लहान आहे म्हणून. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलंय: बाजारात, लग्नात दिसलो तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर दाखवेन. परवा एका हळदीकुंकवाला समोरासमोर आलो. मी वाण घेऊन सरळ पुढे गेले. मजा वाटली.

दीडशहाणा

एवढ्या महिन्यांच्या ताईंना संक्रांतीला काही नेलंत की नाही?

कृष्णाकाठ

नेल्या ना, तिळाच्या वड्या. स्टीलच्या डब्यात. त्यांनी समोरच एक खाल्ली, तिळगूळ घ्या म्हणाल्या, मीही एक घेतली. पुढच्या आठवड्यात डबा परत दिला. घासून पुसून, रिकामा.

मला लागलं ते. रिकामा डबा परत देत नाहीत हो कुणी, चिमूटभर साखर तरी घालतात. या वेळी मी बोलून दाखवलं (प्रगती!). त्या म्हणाल्या, "घालणार होते. चमचा हातात घेतला होता. मग वाटलं, मी भरून दिला की तुम्हाला तो परत भरून आणावा लागणार. तुम्हाला अशी किती घरं आहेत?"

मी मोजली. नऊ.

ओवीवाली

😊 चिक्कीचा गूळ होता की साधा?

कृष्णाकाठ

साधा. चिक्कीच्या गुळाच्या फार कडक होतात, सासूबाईंना चावत नाहीत.